नळीखालचा शिक्का

माझा बा रिठदच्या शिवारात बंदूक घेऊन फिरायचा. बंदूक त्याची नव्हती. ती नानासाहेबांची, म्हणजे ज्यांच्या शेतावर बा राखणदार होता त्या मालकांची. पण पीक राखायच्या परवान्यात मालकाच्या नावाखाली एक ओळ होती, आणि त्या ओळीत माझ्या बापाचं नाव इंग्रजीत टाइप केलेलं होतं. बंदूक बाळगायला आणि चालवायला नेमलेला माणूस म्हणून. त्यासाठी त्याला रिसोडला नेऊन त्याचा फोटो काढला होता. आमच्या घरातल्या माणसाचा तो पहिला फोटो. बटनं वरपर्यंत लावलेला सदरा, तेल लावून बसवलेले केस, आणि कोणीतरी रागावल्यासारखे डोळे. परवाना वर्षातून एकदा नव्यानं करायला तहसिलीत जायचा. त्या दिवशी बा तो कागद थोडा वेळ घरी आणायचा, आणि वस्तीतली माणसं हात पुसून तो बघायला यायची. वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी मायच्या कडेवर होते, त्यामुळे त्याआधीचं मला काही आठवत नाही. पण ज्यांना आठवत होतं ते त्या एका ओळीवर बोट ठेवून उभे राहायचे.

घर दोन खणांचं, मातीचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कोनाड्यात माझी पुस्तकं आणि मायची सुईदोऱ्याची डबी. माय दिवसभर रोजानं निंदायला जायची आणि संध्याकाळी चुलीपुढं बसली की तिच्या बोटांना गवताचा हिरवा वास यायचा. कळण्याची भाकर, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, कधी पातळ बेसन. बा बेसन गार करून खायचा, गरम त्याला चालत नसे. सकाळी मी त्याची न्याहारी फडक्यात बांधून शेतावर न्यायची. वाटेवर असतानाच कधी कधी बंदुकीचा आवाज यायचा. आधी एक जाड धक्का, मग तो नाल्याच्या पलीकडं लोळत लोळत जायचा, आणि त्याच्या मागं पाखरांचा गलका. माय निंदता निंदता मान वर न करता म्हणायची, हाकलले त्यानं. बा डुकरं मारत नव्हता, क्वचितच. बहुतेक वेळा आभाळाकडं एक बार काढायचा, रोही, म्हणजे नीलगाई, आणि डुकरं निघून जायची. मारायचा जीव होत नाही म्हणायचा. मालकाला हे माहीत होतं आणि मालकाचं काही म्हणणं नव्हतं.

नानासाहेब वाईट माणूस नव्हता, हे मी आताच लिहून ठेवते. पुढं लिहिताना मला ते जमेल की नाही कोणास ठाऊक. त्याचे वडील बाला शाम्या म्हणायचे. नानासाहेब शामराव म्हणायचा. आमच्याकडं या फरकाला किंमत होती. त्याच्या बैठकीत बंदूक टांगायला दोन खुंट्या होत्या आणि येणाऱ्या पाहुण्याला तो बंदुकीची गोष्ट सांगायचा. कोणी इंग्रज साहेब आमच्या भागात शिकारीला आला होता, नानासाहेबाच्या आजोबांनी त्याची बडदास्त ठेवली, जाताना साहेबानं खूश होऊन स्वतःची बंदूक देऊन टाकली. लंडनची बंदूक. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर तसं लिहिलेलंही होतं, कुण्या साहेबाचं नाव आणि पुढं लंडन. मी इंग्रजी वाचायला शिकले तेव्हा बानं मला ते वाचायला लावलं होतं. मी वाचलं, तर तो असा हसला की जणू लंडन मीच केलं होतं.

बार भरायच्या आधी बा एक गोष्ट न चुकता करायचा. बंदूक सांध्यावर वाकवून उघडून, दोन्ही नळ्या आभाळाकडं धरून त्यांच्यातून बघायचा. एक डोळा मिटून, आधी उजवीतून, मग डावीतून. मला एकदा बघू दिलं होतं. आत गोल गोल चकचकीत उजेड होता आणि टोकाला आभाळाचा पैशाएवढा तुकडा. नळीत माती, काडी, गांधीलमाशीचं घर, काहीही असू शकते, तो म्हणाला, अन् ते न पाहता बार काढला तर बंदूक आपल्यालेच खाते. हे त्याला नानासाहेबाच्या वडिलांनी, आबांनी, शिकवलं होतं. म्हातारा कडक होता, पण बंदुकीचं त्याला समजत होतं. कारतुसं तो स्वतः भरायचा. ओट्यावर बसून पितळी मापानं काळी दारू मोजायचा, वरून जाड लोकरी नमद्याची चकती, मग छर्रे, मग मेण. बा पुढ्यात बसून एकेक कारतूस पुसून डब्यात ठेवायचा. म्हातारा गेला आणि ते काम कोणी केलं नाही. एक दोन वर्षं जुनी शिल्लक पुरली. मग नानासाहेबानं शहरातून तयार कारतुसं आणली, लाल कागदाची, खोक्यात ओळीनं बसवलेली. बा पहिल्या दिवशी घरी येऊन खांदा चोळत होता. आवाजही बदलला होता, मलाही तो वाटेवर कळला होता, जास्त टणक. बानं मालकाला जाऊन सांगितलं की ही कारतुसं लय झटका देऊन राह्यली. मालक म्हणाला, नवा माल आहे शामराव, ताकद राहीनच.

ती सकाळ भुईमुगाच्या काढणीच्या आधीची. ऊन नुकतंच वर आलं होतं. मी न्याहारी घेऊन नाल्यापाशी पोचले होते, आणि आवाज आला. तो बंदुकीचा नव्हता. पत्रा फाटावा तसा, कोरडा आणि जवळचा. त्याच्या मागं काही लोळत गेलं नाही. पाखरंसुद्धा उशिरा उडाली. मी धावले असेन, पण मला धावल्याचं आठवत नाही. आठवतं ते हे की बा बांधावर बसलेला होता, पाय समोर पसरून, आणि उजव्या हातानं डाव्या हाताचं मनगट घट्ट धरून त्या हाताकडं बघत होता, दुसऱ्या कोणाचा हात सांभाळायला दिल्यासारखं. बंदूक थोड्या अंतरावर पडली होती. उजवी नळी मागच्या अंगाला, जिथं डाव्या हाताची मूठ येते तिथंच, तुरीची शेंग उकलावी तशी उकलली होती. मी फडक्यातली भाकर काढून फेकली आणि ते फडकं त्याच्या हाताला गुंडाळलं. तो म्हणाला, भाकर कायले फेकली. एवढंच बोलला.

वाशिमच्या दवाखान्यात त्याची मधली तीन बोटं काढली. अंगठा आणि करंगळी राहिली. तिथंच तिसऱ्या की चौथ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आला, आणि त्याच्याबरोबर नानासाहेब. नानासाहेब खाटेजवळ उभा राहून हळू बोलत होता, त्याच्याही चेहऱ्यावर रया नव्हती. नळीत चिखल गेला असंन, तो म्हणाला, ओल होती, बांधावर टेकवली असंन, अन् ध्यानात नाही आलं. असं होते शामराव, कोनाकडूनही होते. बा तापात होता. तो हो म्हणाला आणि उजव्या हातानं सही केली. मी उशाशी उभी होते, अठरा वर्षांची, मॅट्रिक झालेली, आणि मीही मान हलवली. पुढं मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून काढली. तापातल्या माणसाचा जबाब घ्यायला आलेले किती तरी पाहिले. प्रत्येक वेळी मी म्हणायची, आता नाही, उद्या या. चिडायचे ते. मला कंटाळा यायचा त्यांच्याशी भांडायचा, पण म्हणायची.

त्यानंतरचे महिने फार लांब होते. रोज सकाळी पाणी उकळून मी हात धुवायची, पट्टी बदलायची. बा हात माझ्या मांडीवर ठेवून दाराबाहेर बघायचा. गावात चिखलाची गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. तिच्यात वाईट कोणी बोलत नव्हतं. हळहळतच होते. पण हळहळत हळहळत एक वाक्य यायचंच, की बंदूक काही कोनाच्याही हातात द्यायची वस्तू नाही. कोणाच्या हातात, ते कोणी म्हणत नव्हतं, म्हणायची गरज नव्हती. आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानंही ओट्यावर बसून बाला विचारलं, पोरा, पाहून नाही का भरायचं? मला वाटायचं तो अपमानानं गप्प आहे. मग एकदा मी पट्टी बांधत असताना त्यानं उजवा हात वर केला, एक डोळा मिटला, आणि हातात काहीच नसताना नळीतून बघावं तसं आभाळाकडं बघितलं. पुन्हा बघितलं. त्याला आठवायचं होतं. त्या सकाळी त्यानं बघितलं होतं की नव्हतं. रोजची सवय असली की एका दिवसाचं वेगळं काही आठवत नाही. मी तुम्हाला विचारलं की परवा तुम्ही दाराला कडी लावली होती का, तर काय सांगाल? बा महिनोन् महिने त्या एका कडीशी झगडत होता, आणि त्यामुळं जेवत नव्हता, झोपत नव्हता, दुसऱ्याच्या शेतावर कामाला येतो का विचारलं तरी नाही म्हणत होता.

पोलिसांनी पंचनाम्यात ठेवलेली बंदूक उन्हाळ्यात परत आली. तिच्यासोबत कागद आला की परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या, कुठली, किती जुनी, दुरुस्त होण्यासारखी आहे की मोडीत काढायची, ते लेखी आणा. नानासाहेबानं बाला बोलावून घेतलं. मालकाखेरीज परवान्यावर नाव बाचंच होतं, त्यामुळं बंदूक कायद्यानं नेऊ शकणारा दुसरा माणूस तोच होता, आणि नानासाहेबाला स्वतः जायचं नव्हतं हे दिसतच होतं. अकोल्याला करीमभाईंकडं जा, तो म्हणाला, आबांच्या वेळपासून तेच पाहतात. बा एका हातानं बंदूक गुंडाळायच्या चादरीची गाठ मारू शकत नव्हता, म्हणून मी बरोबर निघाले.

करीमचाचांचं दुकान जुन्या शहरात एका बोळात होतं. बोळ अरुंद, पण दुकानात मागच्या झरोक्यातून चांगला उजेड यायचा आणि त्या उजेडाखालीच त्यांचं काम करायचं फळकुट होतं. रॉकेलचा, मशीनच्या तेलाचा आणि अत्तराचा एकत्र वास. चाचा सत्तरीचे असतील, पातळ, पांढरी दाढी, बोटांच्या पेरांत काळेपणा कायमचा बसलेला. त्यांनी आधी बाचा हात बघितला, मग बंदूक. चहा मागवला. मग चादर सोडून बंदूक फळकुटावर ठेवली आणि बाला विचारलं, कैसा हुआ? बा म्हणाला, चिखल होता नळीत. चाचांनी फुटलेल्या जागेवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

त्यांनी विचारलं, कोनी सांगितलं चिखल होता?

मी म्हणाले, मालकानं.

चिखल असता, चाचा म्हणाले, तर नळी चिखलाजवळ फुटली असती. चिखल तोंडाकडून जातो, टेकवली की तिथंच बसतो. मग फुगते, फाटते ती तिथं, पुढं. ही मागं फुटली. कारतूस जिथं जळते तिथं. पुढची सगळी नळी पाहा, सरळ आहे, एक फुगवटा नाही. त्यांनी आतून सुताची वात ओढून दाखवली, ती कुठंच अडली नाही, मग नळी झरोक्याकडं धरून बाला बघायला लावलं. बानं एक डोळा मिटला. नळीच्या टोकाला उजेडाचा तो तुकडा त्याला दिसला असेल. तो नळी खाली ठेवेना.

मग चाचांनी बंदुकीचे तुकडे सुटे केले. आधी पट्टीवरचं नाव मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. लंडन? ते म्हणाले. लंडनची नाहीये बाई. लंडनचा कारागीर असता तर दुकानाचा रस्ता लिहिता, घर नंबर लिहिता, त्याले आपल्या पत्त्याचा अभिमान राहते. नुसतं नाव आणि नुसतं लंडन लिहिते तो लंडनच्या बाहेरचा. नळ्या त्यांनी उलट्या केल्या. खालच्या अंगाला, लाकडाखाली झाकून राहणाऱ्या जागी, ज्वारीच्या दाण्याएवढे शिक्के होते. त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. एका अंडाकृती चौकटीत तीन अक्षरं होती. ई, एल, जी. खाली एक चांदणी. दुसरा शिक्का खांबासारखा, देवळापुढच्या दीपमाळेसारखा दिसणारा.

हा बेल्जमचा शिक्का, चाचा म्हणाले. तिकडं एक गाव आहे, लिएज. बंदुकांचंच गाव, घराघरांत हेच काम. तिथं नवी नळी झाली की सरकारी घरात न्यायची, जास्तीची दारू भरून उडवून पाहायची. टिकली तर हा शिक्का. इंग्रजांच्या बंदुका महाग म्हणून तिथले लोक अशा बनवत, वर इंग्रजी नाव घालत, आणि मुंबईच्या दुकानात येऊन पडत. त्यांनी एक जुनं, पानं सुटलेलं पुस्तक काढलं. त्यात नुसते शिक्केच होते, पानभर, प्रत्येकापुढं बारीक अक्षरांत इंग्रजी. मी वाचत गेले, ते बोट ठेवत गेले. अंडाकृतीवर मुकुट असेल तर नंतरची. आमच्या शिक्क्यावर मुकुट नव्हता. मग त्यांनी पुस्तकातला एक सिंह दाखवला, खाली पी आणि व्ही. हा शिक्का असला तर नळी नवी, बिनधुराची दारू सोसते, ते म्हणाले, शोध तुझ्या नळीवर. मी भिंग घेऊन दोन्ही नळ्यांवरून दोनदा फिरले. सिंह नव्हता. शेवटी त्यांनी नळीचा खालचा बोटभर भाग कागदानं घासला, वरचं काळं गेलं, मग बाटलीतला एक थेंब लावून फडक्यानं पुसलं. लोखंडावर बारीक बारीक वळ्या उमटल्या, कुरळ्या केसांसारख्या. लोखंडाची आणि पोलादाची पट्टी एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेली नळी. कोणीतरी पुढं तिला काळं करून एकसंध दाखवली होती. ऐंशी नव्वद वर्षांची झाली असंन, ते म्हणाले. काळ्या दारूसाठी बनली. काळी दारू हळू ढकलते. ही लाल कारतुसं एकदम मारतात. पहिल्याच बाराला नाही फुटली तेच नवल.

हे सगळं ऐकताना मी बाकडं बघत नव्हते. मला त्या शिक्क्यांचीच भुरळ पडली होती; आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी अक्षरं वाचून काहीतरी खरं कळत होतं. बानंच मधे विचारलं, हे आमच्या मोठ्या मालकाले माहीत होतं काय?

चाचा फडक्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, मोठे मालक आले होते बंदूक घेऊन, बहुत साल झाले. मी सांगितलं होतं, काळी दारू घालाल तर चालवा, नवी घालाल तर भिंतीवर टांगा. ते स्वतः भरत, त्यांना फरक नव्हता. नानासाहेब सोबत होते. जवान होते. इथंच, या स्टुलावर बसले होते.

मी म्हणाले, हे लिहून द्या. त्यांनी दौत पुढं केली आणि म्हणाले, तू लिही, तुझे अक्षर अच्छे होंगे, मी सही शिक्का देतो. मी लिहिलं. वर लंडन लिहिलेलं असलं तरी बंदूक बेल्जममध्ये बनलेली, बनवणाऱ्याचं नाव कळत नाही, वय ऐंशी ते नव्वद वर्षं, पिळाची नळी, नव्या दारूच्या कारतुसासाठी तपासलेली नाही. नळी मागच्या अंगाला फुटली आहे. इथं मी थांबून त्यांच्याकडं बघितलं. त्यांचं गिऱ्हाईक आम्ही नव्हतो, नानासाहेबाचं घराणं होतं, आणि ते दोन पिढ्यांचं. ते म्हणाले, लिख, आत चिखल वा अडथळा असल्याची खूण नाही. मी लिहिलं. मग मी पुढची ओळ लिहायला टाक बुडवला, की हे मालकाला पूर्वी सांगितलं होतं. त्यांनी माझा हात धरला नाही, फक्त आपला तळवा कागदावर आडवा ठेवला. ते नको, बेटी. ती जबानची गोष्ट आहे, लोखंडावर लिहिलेली नाही. लोखंड जेवढं सांगते तेवढं मी लिहीन. मी तेव्हा चिडले. आज त्यांच्याएवढी झाले आहे, आणि अजूनही ठरवता येत नाही की तो माणूस भित्रा होता की नेमका.

परतीच्या एसटीत बंदूक बाच्या गुडघ्यांमधे उभी होती, चादरीत. ऊन कलत होतं, खिडकीतून धूळ येत होती. वाशिमचा स्टँड आला, माणसं उतरली, गाडी रिकामी झाली, तेव्हा बा म्हणाला, मी पाह्यलं होतं, सुमे. त्या दिवशी. मी पाह्यलंच असंन. मी हो म्हणाले. रिठद येईपर्यंत तो मधून मधून मान हलवत होता, कोणाला तरी पुन्हा पुन्हा सांगितल्यासारखी.

घरी मायनं सगळं ऐकून घेतलं. मी तिला शिक्क्यांचं सांगितलं, बेल्जमचं सांगितलं. ती तव्यावरची भाकर उलथत म्हणाली, बंदूक कोन्या का गावची असंना, हात तर आपला होता ना. मला तेव्हा वाटलं तिला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बा आणि मी कागद घेऊन नानासाहेबाकडं गेलो. त्यानं चष्मा लावून उभ्यानं वाचला आणि पहिला शब्द त्याच्या तोंडून निघाला तो बेल्जम. मग खाली बसला. आबांनी आयुष्यभर लंडन सांगितलं, तो म्हणाला, आमाले नाही, स्वतःले सांगत होते. मला त्याची कीव आली नाही. आता येते, थोडी. माणसाच्या घरातली एक गोष्ट अशी मधेच गळून पडते तेव्हा कसं वाटत असेल ते आता समजतं.

बा उभाच होता. म्हणाला, मालक, करीमभाई मनतात तुमाले सांगतलं होतं.

नानासाहेबानं कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली. म्हणाला, सांगितलं असंन शामराव. मी पोरगा होतो. माह्या ध्यानात नाही राह्यलं. नंतर तो म्हणाला की तुला काय पाहिजे ते माग, जमीन कसायला दे म्हणशील तर देतो, पोरीच्या शिक्षणाचं बघतो. हे तो मनापासून म्हणत होता, आवाजावरून कळत होतं. बा म्हणाला, गावात सांगा. चिखल नव्हता, मनून सांगा. दुसरं काही नोको मले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी नानासाहेब गिरणीत आला. गिरणी म्हणजे आमच्या गावची खरी चावडी. बायका डबे घेऊन, माणसं पोती घेऊन, सगळे तिथंच. बासुद्धा आमचं दळण घेऊन उभा होता, पोतं उजव्या खांद्यावर, आणि मी मागं. नानासाहेबानं गिरणीवाल्याला हात केला, त्यानं पट्टा उतरवला, जातं घरघरत थांबलं, आणि एकदम इतकी शांतता झाली की सगळ्यांनी मान वळवली. नानासाहेब म्हणाला, शामरावची काही चूक नव्हती. नळीत चिखल नव्हता. बंदूकच जुनी होती, नव्या कारतुसाची नव्हती, अकोल्याहून कागद आला आहे, ज्याले पाह्यचा त्यानं येऊन पाहा. एवढं बोलून तो थांबला. तोंड अजून उघडं होतं त्याचं. मला खात्री होती की आता तो उरलेलं बोलणार. मी त्याच्याकडं बघत होते आणि त्यानंही एकदा माझ्याकडं बघितलं. मग त्यानं गिरणीवाल्याला पट्टा चढवायची खूण केली.

बाला तेवढं पुरलं. घरी येऊन त्यानं पाय धुतले, बेसन गार व्हायचीही वाट न बघता दीड भाकर खाल्ली, आणि भर दुपारी ओट्यावर पडून झोपला, तोंड उघडं टाकून, दिवेलागणीपर्यंत. मायनं कोंबड्या दुसरीकडं हाकलल्या. त्या महिन्यापासून तो पुन्हा कामाला जाऊ लागला, एका हातानं जमेल ते, पाणी धरणं, खळ्यावर बसणं. वस्तीतल्या म्हाताऱ्यानं येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. बंदूक मोडीत निघाली की खुंटीवर राहिली, त्यानं कधी विचारलं नाही. मी विचारायची, बा, त्याले माहीत होतं, तुले राग नाही येत का? तो म्हणायचा, मले माह्यं समजलं, बास. त्याचं त्याच्यापाशी. नर्सिंगला मी माझ्या मार्कांवर गेले. नानासाहेबानं फीचं विचारलं होतं, मी बाला नाही म्हणायला लावलं. एवढ्याच एका गोष्टीत मी बाविरुद्ध जिंकले.

बा जाऊन बरीच वर्षं झाल्यावर माझी बदली केनवडच्या दवाखान्यात झाली. नानासाहेब तेव्हा तिथं मुलीकडं होता, अंथरुणाला खिळलेला, आणि रोज सकाळी इंजेक्शन द्यायला मला जावं लागायचं. दंडावर मांस उरलं नव्हतं, सुई कुठं टोचावी ते शोधावं लागायचं. आम्ही बोलत नव्हतो. मी कामाला आले होते, काम करून जायची. एका सकाळी मी बाही खाली सारत होते तेव्हा त्यानं विचारलं, शामराव माह्यावर राग ठेवून गेला काय?

नाही, मी म्हणाले. ते खरंच होतं.

त्यानं डोळे मिटले. बराच वेळ मी तिथं कापसाचा बोळा दाबून उभी राहिले, रक्त थांबलं होतं तरी. माझं त्यानं काही विचारलं नाही.